बर्फाचं गाव निवडताना

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमात, म्युनिकला नोकरी करणाऱ्या आपल्या एका सभासदांच्या कन्येने केलेले भाषण. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – स्मरणिका समिती)



सचिवकाकांनी मला विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, "बर्फावरचं स्कीइंग." काका म्हणाले, "अगं, तामलवाडीत? इथे मे महिन्यात कूलरचं पाणीसुद्धा तापतं!" त्यांचं खरं आहे. आपल्याला बर्फ माहीत आहे तो रसवंतीतला, नाहीतर गारपिटीचा. २०१४ च्या मार्चमध्ये आपल्या भागात ज्या गारा पडल्या, त्या ज्यांची ज्वारी आणि द्राक्षं गेली ते अजून विसरलेले नाहीत.

तरीही हा विषय घेतला, कारण आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुलं आता बाहेर आहेत. कुणी जर्मनीत शिकतंय, कुणी स्वित्झर्लंडला प्रोजेक्टवर आहे. नाताळची सुट्टी लागली की त्यांचे मित्र डोंगरावर निघतात आणि आपली मुलंही जातात. मग घरी फोन येतो, "आई, शनिवारी स्कीइंगला चाललोय." आई म्हणते, "जप रे बाबा, कानटोपी घाल." बाबा म्हणतात, "पैसे आहेत ना?" आणि फोन संपतो. काळजी असते, पण काय विचारायचं तेच ठाऊक नसतं. आज मी तेवढंच सांगणार आहे. बर्फ न पाहिलेल्या माणसालाही फोनवर नेमकं काय विचारता येईल, ते.

आधी खेळ समजून घेऊ. रोपवे किंवा खुर्चीच्या पाळण्यात बसून वर जायचं आणि पायाला लांब पट्ट्या बांधून उतारावरून घसरत खाली यायचं, हे साधं स्कीइंग. त्यासाठी जे उतार रोज रात्री मशीन फिरवून दाबून सपाट करतात, त्यांना तिकडे 'पिस्ट' म्हणतात. बाजूला खांब असतात, रंग ठरलेले असतात. निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड. फ्रान्समध्ये निळ्याच्याही आधी हिरवा असतो. मूल दोन-तीन वर्षं पिस्टवर शिकलं की त्याला दोन वाटा खुणावतात. एक पार्कची, म्हणजे फ्रीस्टाइल. दुसरी मोकळ्या डोंगराची, म्हणजे फ्रीराइड. आल्प्समधलं गाव निवडताना सगळा घोळ इथेच होतो. मुलांना दोन्ही हवं असतं, आणि दोन्हींना लागणारा डोंगर वेगळा असतो.

आपल्या भाषेत सांगते. पार्क म्हणजे तालमीतला आखाडा. आखाड्याची लाल माती आपोआप तशी होत नाही. ती चाळतात, त्यात तेल, ताक, हळद घालतात, रोज उकरून मऊ करतात. पडलं तरी लागू नये म्हणून इतकी मेहनत. बर्फाच्या पार्कचं तसंच. उडी मारायचे उंचवटे, ज्यांना किकर म्हणतात, घसरायचे लोखंडी रूळ, सपाट पेट्या, हे सगळं माणसं रोज घडवतात आणि दुरुस्त करतात. उडीनंतर उतरायची जागा किती उताराची आणि किती लांब, याचा हिशेब असतो. लहान, मध्यम, मोठी, अतिमोठी अशा ओळी वेगळ्या असतात. हा आता ऑलिम्पिकचा खेळ आहे. स्कीमधल्या स्लोपस्टाइल आणि हाफपाइप ह्या स्पर्धा २०१४ च्या सोची ऑलिम्पिकपासून सुरू झाल्या.

फ्रीराइड म्हणजे नदीत पोहणं. तिथे कुणी माती चाळून ठेवलेली नाही. ताजा, न दाबलेला बर्फ, झाडं, कडे, घळी. मजा विलक्षण, मी नाकारत नाही. पण पाण्याला ओढ किती, भोवरा कुठे, हे गावातल्या पोहणाऱ्यालाच माहीत. पाहुण्याने काठावरून बघून उडी टाकायची नसते.

म्हणून गाव निवडताना पहिला प्रश्न "कुठे चाललास?" हा नाही. पहिला प्रश्न "काय करायला चाललास?"

पार्कसाठी चांगली ठिकाणं कोणती? स्वित्झर्लंडमध्ये लाक्स. तिथल्या क्राप सोन जियोन नावाच्या डोंगरावर एकाच परिसरात अनेक पार्क आहेत आणि जवळजवळ २०० मीटर लांब, सुमारे ७ मीटर उंच भिंतींचा हाफपाइप आहे. हाफपाइप म्हणजे अर्धा कापलेला अवाढव्य पाइप समजा. मला त्या गावाचं कौतुक वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. तिथे २०१० पासून एक बंदिस्त सभागृह आहे. ट्रॅम्पोलिन आहेत, स्पंजच्या तुकड्यांनी भरलेले खड्डे आहेत. आधी तिथे शंभर वेळा पडायचं, मग बर्फावर जायचं. तालमीत जोर-बैठका आधी आणि कुस्ती नंतर, तसं.

ऑस्ट्रियात मायरहोफेनजवळ पेनकेन पार्क आहे. नवख्यापासून कसलेल्यापर्यंत सगळ्यांसाठी वेगवेगळ्या ओळी आहेत. इन्सब्रुकजवळ स्टुबाई हिमनदीवरचं पार्क शरद ऋतूत, म्हणजे आपल्याकडे दिवाळी असते त्या सुमाराला सुरू होतं. बाकीची गावं अजून बर्फाची वाट बघत असतात, तेव्हा तिथे सराव चालू असतो. इटलीत लिविन्यो आहे. गावच १८१६ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा उंच. २०२६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमधल्या फ्रीस्टाइल आणि स्नोबोर्ड स्पर्धांसाठी हेच गाव निवडलं गेलं.

आता मोकळा डोंगर. तिथली नावं वेगळी. फ्रान्समधलं शमोनी, जिथे १९२४ साली पहिलं हिवाळी ऑलिम्पिक झालं. तिथून रोपवे ३८४२ मीटरवरच्या एग्वी द्यु मिदीपर्यंत नेतो आणि खाली व्हाले ब्लांश नावाची सुमारे २० किलोमीटरची वाट हिमनदीवरून उतरते. फ्रान्समध्येच ला ग्राव्ह आहे. तिथला जवळजवळ सगळा डोंगर मुद्दाम न राखता ठेवलाय. मशीन नाही, खुणा नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये व्हर्बिए. तिथल्या बेक दे रोस कड्यावर १९९६ पासून जगातल्या उत्तम फ्रीराइडर लोकांची स्पर्धा होते. ऑस्ट्रियात आर्लबर्ग, म्हणजे सांक्ट आंटोन, लेख ही गावं. तिथे राखलेल्या उतारांबरोबरच न दाबलेल्या बर्फाच्या वाटाही भरपूर आहेत आणि त्या दाखवणारे गाइड पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करत आलेत.

ही यादी पाठ करायची गरज नाही. त्यामागचं कारण कळलं की पुरे, आणि ते आपल्याला इतर कुणापेक्षा लवकर कळेल, कारण आपण पर्जन्यछायेतली माणसं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि आपल्यापर्यंत येईतो सातशेच्या आसपास उरतो. आल्प्सचं तसंच आहे. वायव्येकडून येणारं वादळ उत्तरेच्या कडेला आधी धडकतं. आर्लबर्ग त्या कडेला आहे, म्हणून तिथे ताजा बर्फ भरपूर. लिविन्यो आतल्या बाजूला, तुलनेने कोरडं. पण पार्कसाठी कोरडं चालतं! तिथे उंची आहे, थंडी आहे. पारा शून्याच्या खाली दोन-तीन अंश गेला की पाणी आणि दाबलेली हवा एकत्र फवारून यंत्राने बर्फ बनवतात. आपण ठिबकवर बाग जगवतो, तसा ते बर्फ जगवतात. पार्कवाल्याला थंडी आणि राखण हवी. फ्रीराइडवाल्याला आभाळातून पडलेला बर्फ, उत्तरेकडे तोंड असलेला सावलीतला उतार आणि जाणता माणूस हवा.

दुसरा प्रश्न, महिना कोणता? डिसेंबरच्या सुरुवातीला फार ठिकाणी पार्क पूर्ण बांधलेलं नसतं, आणि मोकळ्या डोंगरावर बर्फाचा थर पातळ, खाली दगड लपलेले. जानेवारी-फेब्रुवारी थंड, बर्फ चांगला. मार्च-एप्रिलमध्ये दिवस मोठा, ऊन कोवळं, बर्फ दुपारी मऊ होतो. पार्क शिकायला तो काळ उत्तम. मोकळ्या उतारावर मात्र तेच ऊन दुपारनंतर धोका वाढवतं.

आता तो धोका काय ते सांगते. इथे जरा लक्ष द्या.

हिमस्खलन म्हणजे वरून बर्फाचा गोळा गडगडत येतो, असं आपण सिनेमात बघतो. खरं बहुतेक वेळा वेगळंच असतं. बर्फ थराथरांनी पडतो. काही थर साखरेसारखे सुट्या दाण्यांचे होतात आणि एकमेकांना धरत नाहीत. कल्पना करा, उतरत्या पत्र्यावर ज्वारी पसरलीय आणि वर मोठी फरशी ठेवलीय. फरशी जागेवर दिसते. एक माणूस तिच्यावर चढला की खालची ज्वारी सरकते आणि फरशी माणसासकट निघते. साधारण ३० अंशांपेक्षा तीव्र उतारावर हे होतं. अशा अपघातांत सापडणाऱ्या दहांतल्या नऊ जणांच्या बाबतीत ती फरशी त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यांनी सरकवलेली असते. म्हणजे हे नशीब नाही. हा निर्णय असतो, आणि निर्णय बदलता येतो.

त्यासाठी तिकडे चांगली व्यवस्था आहे. हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये दावोसची संस्था आणि ऑस्ट्रियात तिरोलचं खातं रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास दुसऱ्या दिवसाचा अंदाज जाहीर करतं. एक ते पाच आकडे. एक म्हणजे कमी, पाच म्हणजे अतितीव्र. इथे मुलांची एक गैरसमजूत असते. पाचांपैकी तीन, म्हणजे मधलं, म्हणजे चालतंय! असं नाही. ती परीक्षेतल्या गुणांसारखी पट्टी नाही. प्रत्येक पायरीला धोका कितीतरी पटींनी वाढतो, आणि हिमस्खलनातले निम्म्याच्या आसपास मृत्यू तीन आकड्याच्या दिवशीच झालेले आहेत. चारला लोक घाबरतात, घरी बसतात. तीनला ऊन पडलेलं असतं, ताजा बर्फ चमकत असतो आणि मन म्हणतं, जाऊ या.

गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत काढलं तर दहांतले नऊ जगतात. त्यानंतर आशा झपाट्याने कमी होते. हेलिकॉप्टर यायला बहुतेक वेळा त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे वाचवणार कोण? सोबतचा मित्रच. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर शोधयंत्र, पाठीवर जोडून लांब होणारी काठी आणि फावडं पाहिजेच. आणि ती वापरायचा सराव पाहिजे. एकाकडे असून उपयोग नाही. ज्याच्याकडे आहे तोच गाडला गेला, तर काढणार कोण?

पिस्टच्या जवळच आहे, म्हणजे सुरक्षित आहे, असंही नाही. मायकेल शूमाकर हे मोटारशर्यतीतलं नाव आपल्याकडेही माहीत आहे. २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समधल्या मेरिबेलला ते दोन राखलेल्या उतारांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात गेले, पिस्टपासून काही मीटरवरच. बर्फाखाली खडक होता. हेल्मेट असूनही डोक्याला गंभीर दुखापत झाली.

आपल्या ओळखीचं उदाहरण हवं असेल तर टिटलिस घ्या. आपल्याकडून युरोपच्या टूरला गेलेल्या काका-काकूंनी हात वर करा बघू! गोल फिरणाऱ्या रोपवेत बसून गेलात, 'दिलवाले दुल्हनिया'च्या कटआउटशेजारी फोटो काढलात, बर्फाचा गोळा एकमेकांना मारलात आणि खाली आलात. बरोबर ना? ते शिखर ३२३८ मीटर, म्हणजे जवळजवळ दोन कळसूबाई एकावर एक. खालचं एंगेलबर्ग हे गाव फ्रीराइडवाल्यांचंही मोठं ठिकाण आहे. तुम्ही जिथे चहा प्यायलात, तिथूनच काही लोक हिमनदीवरून खाली उतरतात, आणि त्या हिमनदीत बर्फाने झाकलेल्या खोल भेगा आहेत. डोंगर एक, रोपवे एक, तिकीट जवळजवळ तेच. कठड्याच्या अलीकडे सहल आणि पलीकडे वेगळाच कारभार. तिथे गाइडशिवाय जाऊ नये, इतकंच लक्षात ठेवा.

आता माझ्या भाच्याची गोष्ट. तो जर्मनीत शिकतो. दोन हिवाळे स्की केलेला, लाल उतारावर व्यवस्थित उतरणारा. एकदा नोव्हेंबरात फोन आला, "मावशी, आम्ही सहा जण डिसेंबरच्या मध्यावर शमोनीला जातोय. उड्या पण शिकायच्या आहेत आणि पावडर पण करायचीय." मी विचारलं, "शमोनीच का?" म्हणाला, "फेमस आहे." मी म्हटलं, "पंढरपूर प्रसिद्ध आहे म्हणून कुणी तिथे पोहायला शिकायला जातं का?" हसला, पण ऐकलं. मग आम्ही बसून दोन वेगळ्या सहली ठरवल्या. डिसेंबरात स्टुबाई, फक्त पार्क, फक्त लहान ओळ, पहिल्या दिवशी प्रशिक्षक. आणि फेब्रुवारीत आर्लबर्ग. तिथे तीन दिवस पिस्ट आणि एक दिवस गाइडबरोबर मोकळा डोंगर, सहा जणांत खर्च वाटून.

त्या गाइडच्या दिवशी काय झालं माहिती आहे? रात्री बर्फ पडला होता आणि वारा सुटला होता. वारा बर्फ उचलून आडोशाच्या उतारावर साठवतो, ती फरशी तयार होते. गाइड सकाळीच म्हणाला, ठरवलेला उतार आज नाही. त्याने त्यांना झाडीतल्या कमी उताराच्या बाजूला नेलं, दोन तास शोधयंत्राचा सराव करून घेतला आणि सोडलं. मुलं हिरमुसली. एक जण म्हणाला, पैसे वाया गेले. मी म्हटलं, बाबांनो, पैसे त्या 'नाही'चेच दिले होते. आपल्या सहा जणांत ते म्हणायचं धाडस कुणाला झालं असतं? मित्रांमध्ये "मी येत नाही" म्हणणं फार अवघड असतं. आपल्याकडे तलावावर, धबधब्यावर दर पावसाळ्यात जे होतं, तेही असंच होतं. सगळे उतरले म्हणून तोही उतरतो.

पैशांचंही बोलू. आपली मुलं कर्ज काढून शिकायला गेलेली असतात. मोठ्या ठिकाणी एका दिवसाचं लिफ्टचं तिकीट ७० युरोच्या पुढे जातं. सामानाचं भाडं, राहणं वेगळं. नवख्या माणसाला ३०० किलोमीटर उतारांचं तिकीट काढून उपयोग नसतो, तो दिवसभरात दोन-चार उतारच करतो. छोट्या गावातलं छोटं पार्क, कमी गर्दी, स्वस्त तिकीट, हे शिकायला जास्त चांगलं. वाचलेल्या पैशांतून विमा काढावा. जर्मनीतला नेहमीचा आरोग्य विमा डोंगरावरून हेलिकॉप्टरने उचलून आणण्याचा खर्च देईलच असं नाही. तिथल्या जर्मन अल्पाइन क्लबचं सभासदत्व घेतलं की डोंगरावरच्या बचावाचा विमा त्यातच येतो. दुसरा कुठला विमा असेल तर पिस्टबाहेरचं चालतं का, ते वाचून घ्यावं.

आणि ज्यांना युरोप दूर आहे त्यांच्यासाठी आपलं गुलमर्ग आहे. केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था तिथे आहे, महाराष्ट्रातली मुलंमुली तिथे शिकायला जातात. तिथला दुसऱ्या टप्प्याचा रोपवे अफरवटवर सुमारे ३९५० मीटरपर्यंत नेतो, टिटलिसपेक्षाही उंच. पण हे लक्षात घ्या, त्या वरच्या टप्प्याचा डोंगर बहुतांश मोकळा आहे. २०१० च्या फेब्रुवारीत तिथेच हिमस्खलनात आपले १७ जवान गेले. बर्फात प्रशिक्षण घेणारे जवान होते ते. तेव्हा शिकायचं खालच्या उतारावर. वर जायचं ते गाइड आणि त्या दिवसाचा अंदाज घेऊनच.

शेवटी फोनवर विचारायचे प्रश्न सांगते. स्मरणिकेत छापून येतील, कापून फ्रिजवर लावा.

१. पार्कला चाललास की मोकळ्या डोंगरावर? दोन्ही असेल तर कोणता दिवस कशाचा?
२. त्या महिन्यात तिथलं पार्क सुरू आहे का? लहान ओळ आहे का? उडीआधी एकदा नुसतं बाजूने जाऊन बघणार ना?
३. पिस्टबाहेर जाणार असशील तर गाइड कोण?
४. उद्याचा आकडा किती? तीन किंवा वर असेल तर काय ठरवलंय?
५. शोधयंत्र, काठी, फावडं सगळ्यांकडे आहे का? सराव कधी केलात?
६. विमा कोणता? बचाव त्यात आहे का? आणीबाणीचा ११२ नंबर माहीत आहे ना?
७. तुमच्यात "आज नको" कोण म्हणणार आहे?

सातवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मूल म्हणेल, "आई, तुला काय कळतंय त्यातलं!" म्हणू द्या. उत्तर द्यायला त्याला आकडा बघावा लागेल, मित्रांना विचारावं लागेल. तेवढ्यानेच अर्धं काम होतं. आणि उत्तरं नीट मिळाली तर मनापासून म्हणा, जा बाळा, मजा कर. कारण खेळ खरंच सुंदर आहे. आपल्या माळरानावर वाढलेलं मूल बर्फावरून सफाईने उतरतं, ते बघून ऊर भरून येतो.

ह्या सोसायटीने पंचवीस वर्षांत आमच्यासारख्या कितीतरी मुलांना पंख दिले. गच्चीवरून खाली डोकावणाऱ्या प्रत्येक मुलाला इथल्या प्रत्येक काकूने ओरडून मागे घेतलंय, मूल कुणाचंही असो. तो हक्क सोडू नका. आम्ही लांब गेलो तरी विचारत राहा.

आई तुळजाभवानी सगळ्या लेकरांना सुखरूप ठेवो. रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.